मागचं डावं चाक

१

रोज सकाळी साडेआठच्या सुमारास सम्राट भिंगारदिवे कचेरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाई आणि जीपच्या चारही चाकांची हवा स्वतः मोजी. काम खरे तर ड्रायव्हर भिमाजीचे. पण राहुरीहून मृदाशास्त्रात एम.एस्सी. होऊन आलेल्या सम्राटची मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय मोडली होती, आणि पारनेरच्या त्या लहानशा पाणलोट प्रकल्पात गाडीची जबाबदारी त्याच्यावर होती. पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस. आकडे तो लॉगबुकात लिही, खाली सही करी, आणि मगच चहाला हात लावी.

जीप परदेशी होती. प्रकल्पाला मदत करणाऱ्या तिकडच्या एका संस्थेने ती शहाण्णव साली बोटीने पाठवली होती. तिच्या डॅशबोर्डवर गाडीचे बोटाच्या पेराएवढे चित्र होते आणि चित्रातल्या चार चाकांच्या जागी चार पिवळे दिवे. ज्या चाकातली हवा उतरेल त्याचा दिवा लागे. चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काड्यापेटीएवढी एक डबी होती. ती दिव्याला बातमी देई. भिमाजीला या दिव्यांचे भारी अप्रूप.

"साहेब, आमच्या मंडळीला आसा येक दिवा बसवून मिळंल का? कदी फुगून बसती, काय कळतच न्हाई."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका नाल्यात दगडाच्या धारेने मागच्या डाव्या चाकाचा टायर कुशीला चिरला. त्या मापाचा टायर नगरला नव्हता, पुण्यालाही नव्हता. अखेर सम्राटने चारही चाके बदलून देशी बसवून घेतली. त्यांच्या ट्यूबच्या टायरांत त्या डब्या बसत नव्हत्या. गाडी सुरू केली तेव्हा चारही दिवे एकदम लागले, आणि लागलेलेच राहिले.

सम्राटने इंग्रजी माहितीपुस्तक काढून ते पान दोनदा वाचले. डबीचा आवाका काही फुटांपुरता असतो आणि डबी सापडली नाही तर दिवा जळत राहतो, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

"चार दिवं पेटल्यालं घिऊन पाव्हन्यांना हिंडवायचं?" भिमाजी कुरकुरला.

"दिवा खोटं बोलत नाही, भिमाजी. त्याला फक्त ऐकू येत नाही," सम्राट म्हणाला, आणि त्याने चित्रावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. पट्टीतून चार फिकट ठिपके तरीही दिसत राहिले.

२

चिरलेल्या टायरला पंक्चरवाल्याने आतून जाड ठिगळ लावून दिले होते. देताना तो म्हणाला होता, "हवा धरंल, पन ह्याच्यावर वजन टाकू नका. माणूस बसवून तर न्हाईच न्हाई."

हे वाक्य सम्राटला शब्दशः आठवत होते. तीच तर अडचण होती.

जुनी चारही चाके शेडच्या भिंतीशी पडून होती: पुढची दोन सिमेंटच्या पोत्यांमागे, मागची दोन अलीकडे. ऑगस्टच्या अखेरीस एका दुपारी कचेरीच्या व्हरांड्यात परदेशी पाहुणे चहा घेत होते. प्रकल्पप्रमुख सुचित्रा मॅडम त्यांना नकाशा समजावत होत्या. इतक्यात फाटकातून हाक आली.

"आरं भाच्या! हाय का न्हाई?"

कोंडीराम साळवे त्याच्या आईचा चुलतभाऊ. लहानपणी सम्राटला खांद्यावर बसवून सहा मैलांवरच्या शाळेत सोडणारा. धोतराला चिखल होता, डोक्याचा टॉवेल उन्हाने विटला होता, आणि हसू असे की व्हरांड्यातले सगळे वळून पाहू लागले.

सम्राट जवळजवळ धावतच फाटकाशी गेला आणि त्यांना शेडकडे घेऊन आला. मामांचे म्हणणे साधे होते. यंदा श्रीगोंद्याच्या बाजूला कारखान्यावर उसाची वाहतूक करायची होती. बैल होते, ऊस लादायचा लाकडी साटा होता, आसही बसवून घेतला होता; टायरगाडीला दोन चाके तेवढी मिळत नव्हती.

"तुजी आय म्हनली, तुमच्यात पडून हायेत. मॅडमला इचार की. मी इचारू?"

"नको," सम्राट घाईने म्हणाला. "मी सांगेन त्यांना. न्या तुम्ही."

"कंची नेऊ?"

पोत्यांमागची दोन काढायची तर आठ पोती हलवावी लागली असती. पंधरा मिनिटे, फार तर वीस. व्हरांड्यातून मॅडमनी मान उंचावून इकडे पाहिले. सम्राटने अलीकडच्या दोन चाकांकडे बोट दाखवले.

"ही चांगली आहेत."

चाके टेम्पोत चढवून मामा गेले, तेव्हा मॅडमनी विचारले, "कोण होते रे ते?"

"गावाकडचे कोणी. ओळखीचे," सम्राट म्हणाला. चहा निवला होता. तो त्याने तसाच प्यायला.

३

ऑक्टोबरात एका सकाळी तो हवा मोजून चालकाच्या जागेवर बसला, किल्ली फिरवली आणि थांबला. पट्टीतून दोनच ठिपके दिसत होते.

त्याने पट्टी सोलली. पुढचे दोन दिवे जळत होते. मागचे दोन विझले होते.

वायर सुटली असेल. त्याने बसल्या जागी तीन कारणे मनात मांडली आणि तिन्ही पटण्याजोगी होती. दिवा विझणे म्हणजे पुस्तकाप्रमाणे डबीचा निरोप मिळाला आणि हवा ठीक आहे. पण पुढच्या चाकांच्या डब्या दहा हातांवर, सिमेंटच्या पोत्यांमागे होत्या; त्यांचे दिवे जळत होते. मागच्या चाकांच्या डब्या साठ-सत्तर किलोमीटरवर गेल्या होत्या. म्हणजे ऐकू यायचे तर उलट ऐकू यायला हवे होते. अर्थात, बिघाडाला शास्त्र नसते. त्याने तारीख घालून लॉगबुकात लिहिले: 'मागील दोन दिवे बंद. कारण अज्ञात.'

आठवड्याने आईचे अंतर्देशीय पत्र आले. खुशालीनंतर तिने लिहिले होते: 'कोंडीरामने अशोक विजयादशमीच्या दिवशी, पंचशील म्हणून झाल्यावर, गाडीला चाके चढवली. माझ्या भाच्याने दिली म्हणून वस्तीभर सांगत फिरला. तुझे फार नाव घेतो.'

सम्राटने लॉगबुक उघडले. तारीख विजयादशमीच्या दुसऱ्या दिवसाची होती. विजयादशमीला सुट्टी होती. त्या दिवशी गाडी कोणी सुरूच केली नव्हती.

ही बाब तो कोणाशी बोलला नाही. घरात वडिलांनी त्याला एकच गोष्ट जन्मभर शिकवली होती: पारखून घे, मग मान. भूत, भानामती, उतारा यांच्यावर त्यांनी शाळामास्तरकीच्या तीस वर्षांत भाषणे दिली होती. त्यांच्या मुलाने एका दिव्यापायी मामांकडे धावायचे? आणि धावून काय सांगायचे? ते सांगायचे वाक्य आठवले की त्याचे कान गरम होत.

४

कारखाने सुरू झाले, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर मागचा डावा दिवा लुकलुकू लागला.

सकाळी दहाच्या सुमारास तो एकदा लागे आणि मिनिटभराने विझे. दुपारी पुन्हा. सम्राट वेळा टिपत गेला. मग त्याच्या लक्षात आले की याच वेळांना उसाच्या गाड्या भरत असाव्यात. लक्षात आले त्या दिवशी त्याने टिपणे बंद केले.

मग आवाज आला. तो शेडमध्ये एकटाच होता, गाडी बंद होती. मागच्या बाजूने हवा सुटल्यासारखी 'स्स' अशी धार ऐकू आली. त्याने चारही व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी घातले. एकही बुडबुडा आला नाही. मागे बत्तीस, बत्तीस. आवाज मात्र चालूच होता. वर पत्रा उन्हाने तडतडत होता, बाहेर कोणी घमेली धूत होते, आणि त्या सगळ्यांखालून तो सावकाश येत होता. येत होता आणि जात होता. गळकी हवा एकाच दिशेने जाते, हे सम्राटला अकरावीपासून ठाऊक होते. ही आतही जात होती. दात आवळून, ओझ्याखाली, कोणी श्वास घ्यावा तशी.

तो उन्हात येऊन उभा राहिला. भिमाजी हात पुसत आला.

"काय झालं, साहेब? त्वांड उतारलंय."

"तुला गाडीत काही आवाज येतो का? मागून?"

"आवाज न्हाई. पन गाडी जड चालतीया. रिकामी आसली तरी मागनं भरल्यावानी. मी म्हनलं, आपलंच वय झालं."

त्या संध्याकाळी सम्राटने पोस्टकार्ड घेतले. 'ती. मामांस शि. सा. नमस्कार' इथपर्यंत हात सरळ चालला. पुढचे वाक्य असे लिहायचे होते: डावे चाक चिरलेले आहे, ते मला माहीत होते, त्यावर वजन घालू नका. त्याने लिहिले: 'चाकांची हवा वेळोवेळी तपासून घ्यावी.' कार्ड पेटीत टाकले तेव्हा त्याला क्षणभर हलके वाटले. मग पेटीच्या तोंडातून हात घालून ते परत काढता येईल का, हे तो वेड्यासारखा पाहू लागला. पेटीशी उभ्या असलेल्या बाईने त्याच्याकडे टक लावून पाहिले. तो निघून गेला.

५

चार दिवसांनी सकाळी दिवा लागला आणि विझला नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. सम्राट कचेरीत उताराची आकडेवारी जुळवत बसला होता आणि दर दहा मिनिटांनी उठून शेडमध्ये जात होता. साडेअकराला तो श्वास लांबत चालला होता. दोन श्वासांमधले अंतर त्याने घड्याळावर मोजले. ते वाढत होते.

"भिमाजी, गाडी काढ. श्रीगोंद्याला."

"श्रीगोंद्याला? तिकडं आपलं काय काम?"

"माझं आहे. मॅडमना आल्यावर सांगेन."

भिमाजीने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि किल्ली घेतली. बेलवंडी मागे पडली. मग काळ्या रानाला पाणी दिसू लागले, दोन्ही अंगांना ऊस आला, आणि भिमाजी म्हणाला, "साहेब, रागावू नका. मागं कोन बसलंय का?"

"का?"

"आरशात कोन न्हाई. पन चढाला मला कन्हल्यावानी वाटलं."

सम्राटने मागे पाहिले नाही. मागची बैठक रिकामी आहे हे त्याला ठाऊक होते, आणि ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा तपासण्याचे धैर्य आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यापाशी नव्हते.

६

कालव्याच्या कडेला ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या. पाचटाच्या एका कोपीपुढे विमलमामी भांडी घासत होती. जीप पाहून ती घाईने उठली, राखेचे हात पाठीमागे घेतले.

"जयभीम, साहेब."

सम्राटला वाटले, तिने ओळखले नाही. "मामी, मी सम्राट."

"वळखलं की. न वळखायला काय झालं?" ती हसली, पण डोळे खाली ठेवून. "ह्यांनी सांगून ठिवलंय. त्याला साहेबच म्हनायचं, चारचौघात नातं काडायचं न्हाई. पोरगं मोट्या हापिसात हाय, त्याला वंगाळ वाटतं. बसा ना. च्या टाकते."

भिमाजी दोन पावलांवर उभा होता. त्याने नजर कालव्याकडे वळवली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे माणसे म्हणतात. सम्राटला जमिनीपाशीही ते मागायची लाज वाटली.

"मामा कुठे आहेत?"

"गाडी घिऊन गेल्यात पहाटंच. कारखान्याच्या नंबरात आसतील. दोन दोन दिस नंबर लागत न्हाई, गाडीखालीच पडून ऱ्हात्यात." मग ती जरा थांबली. "तुमचं कारड आलं काल. पोरीनं वाचून दावलं. त्यांनी लगीच हवा भरून घेतली. म्हनलं, बघ, भाच्याला किती काळजी हाय."

७

कारखान्याच्या रस्त्याला मैलभर उसाच्या गाड्या उभ्या होत्या. बैल सोडून बांधलेले, जुवांखाली लाकडी टेकणे, आणि ज्याच्या त्याच्या गाडीखाली सावलीला माणसे आडवी झालेली. दुपारचे दोन वाजले होते. मळीचा आंबूस वास पसरला होता. जीप पुढे जाईना तेव्हा सम्राट उतरून चालू लागला, मग पळू लागला. चाकांचा आकार त्याला लांबूनच ओळखू आला.

गाडीवर दीड-दोन टन ऊस होता. गाडी सरळ उभी होती. त्याच्या जिवात जीव आला, आणि मग त्याने डावीकडून वळून चाक पाहिले.

टायर कुशीला उघडला होता. आत हात घालता आला असता. रबर फडक्यासारखे जमिनीवर पडले होते. चाक हबावरून निसटून आतल्या अंगाला कलले होते आणि त्यावर कसलाही भार नव्हता. गाडीची डावी बाजू कशावर उभी आहे, हे सम्राटला समजेना.

तो गुडघ्यांवर बसला आणि वाकून पाहिले.

उन्हातून आल्यामुळे आधी नुसता काळोख दिसला. मग कोंडीराममामा दिसले. तोंडावर टॉवेल घेऊन उताणे, गाढ झोपलेले. त्यांच्या पलीकडे, आसाखाली, कोणीतरी ओणवे होते. दोन्ही तळवे मातीत मनगटापर्यंत रुतले होते. पाठ आसाला भिडली होती. बाह्या दुमडलेला फिकट सदरा घामाने पाठीला चिकटला होता. चेहरा दिसत नव्हता. शरमेने मान खाली घालावी तसा तो छातीशी खुपसलेला होता. श्वास दातांमधून आत जात होता आणि फार वेळाने बाहेर येत होता.

आपली मान माणसाला कधी दिसत नाही. तरीही सम्राटने ती ओळखली.

"अहो," तो म्हणाला. "अहो, बाहेर या." टॉवेल हलला नाही. आसपासच्या गाड्यांखालून दोन-चार डोकी उचलली गेली आणि त्याच्याकडे पाहू लागली.

"मामा!" सम्राट ओरडला. "कोंडीराममामा! मामा, बाहेर या!"

कोंडीराम दचकून जागे झाले, कोपरांवर सरकत बाहेर आले. त्यांचा पाय सावलीतून सुटायला आणि गाडी डावीकडे कोसळायला एक गाठ पडली. आस जमिनीत घुसला, साटा उलटला आणि सगळा ऊस धडधडत त्या जागेवर पडला.

८

माणसे धावत आली. कोणी मामांना पाणी पाजले, कोणी छाती चाचपली. त्यांना खरचटलेही नव्हते.

"खाली अजून कोणी आहे," सम्राट म्हणाला. "ऊस काढा. लवकर काढा."

"कोन आसनार?" मामा म्हणाले. "मी एकलाच हुतो."

"ह्ये कोन साहेब?" एका गाडीवानाने विचारले. "मामा म्हनले न्हवं तुमाला?"

मामांनी चटकन सम्राटकडे पाहिले. "गडबडीत म्हनलं आसतील," ते म्हणाले. "पारनेरच्या हापिसातलं साहेब हायेत. भला मानूस. त्यांच्यामुळं वाचलो."

"साहेब, नशीब मोठं गड्याचं. येळंवर आलात."

माणसे नमस्कार करू लागली. सम्राटचे कान त्यांच्या बोलण्याकडे नव्हते. ढिगाच्या बुडातून, चेंगरलेल्या पाचटाखालून, तो आवाज येत होता. क्षीण, पण येत होता. त्याने भिमाजीकडे पाहिले. भिमाजी उलटलेल्या चाकापाशी बसून टायरची चीर बोटांनी चाचपत होता. आतले जुने ठिगळ त्याच्या हाताला लागले होते. त्याने वर पाहिले आणि वाट पाहू लागला.

मामा जवळ आले. त्यांनी हात जोडले.

"साहेब, माफी करा. तुमची चांगली वस्तू म्या खराब केली. चाकात काय खोट नव्हती. मीच हावरटपना केला, वजन जास्त घातलं."

सगळे ऐकत होते. वाक्य लहान होते. सम्राटने ते पोस्टकार्डावर मनातल्या मनात कितीदा तरी लिहिले होते. उच्चारायला पाच-सहा सेकंदही लागले नसते. त्याने तोंड उघडले. समोर वीस-पंचवीस माणसे होती, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांत तो भला माणूस होता.

"हो," तो म्हणाला. "वजन जास्त झालं असेल."

ढिगाखाली एक श्वास दातांमधून आत गेला. सम्राट तो बाहेर येण्याची वाट पाहत उभा राहिला.